दोनशे तेहतीस पत्त्यांची माळ

माझं शिक्षण तिसरी. चौथीच्या वर्गात जाऊन बसलो होतो, पण मास्तराशी पटलं नाही म्हणून शाळा मी सोडली. शाळेनेच मला काढलं असं माझा मोठा भाऊ सांगायचा, त्यावर कोणी विश्वास ठेवू नये. हातमाग मात्र मी चाळीस वर्षं चालवला. माझ्या मागावरून लुगड्याची किनार उतरली की व्यापारी ती उलट्या बाजूने पाहायचे, कारण सुलट्या बाजूला चूक सापडणार नाही हे त्यांना माहीत होतं. उलट्या बाजूलाही सापडायची नाही. हे मी बढाई म्हणून सांगत नाही. जे आहे ते आहे.

पंच्याहत्तर सालाच्या आगेमागे आमच्या माडीवरच्या खोलीत एक विद्यार्थी राहायला आला. मौद्याकडच्या एका शेतकऱ्याचा मुलगा, इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला. त्याचा बाप त्याला सोडायला आला होता. तांदळाचं पोतं खांद्यावरून उतरवत त्याने अंगणातच मला सांगितलं, "दादा, मागच्या साली हा एका विषयात लटकला. परीक्षेच्या आठवड्यात शेजाऱ्याचा रेडिओ उघडून बसला होता. या साली पास झाला तर ठीक. नाही झाला तर मी येईन, याची वळकटी उचलीन अन् घरी घेऊन जाईन. मग नांगर हेच याचं मशीन."

पोरगा मान खाली घालून उभा होता. मला वाटलं, लाजला. जवळ जाऊन पाहतो तर तो आमच्या दाराची कडी न्याहाळत होता.

"काकाजी," तो म्हणाला, "याले घंटी नाही काय?"

"लोकं आवाज देतात. तोंड आहे न त्यांच्याजवळ."

तिसऱ्या दिवशी दाराला घंटी लागली. एक बटण, हातभर तार आणि दोन सेल. दाबलं की घरात म्हैस रेकल्यासारखा आवाज. त्या दिवशी मोहल्ल्यातल्या एकूण एक माणसाला आमच्याकडे काही ना काही काम निघालं. एक म्हातारी तर दोनदा येऊन गेली. दुसऱ्यांदा म्हणाली, "काही नाही, पहिले नीट वाजली नव्हती."

तिथून त्याला चेव आला. आमच्या नळाला पाणी कधी येईल याचा नेम नव्हता. त्याने नळाखालच्या बादलीत दोन तारा सोडल्या. पाणी वर चढून तारांना लागलं की स्वयंपाकघरात घंटी वाजायची. माझ्या बायकोने त्या दिवसापासून त्याला पोटचा पोरगा मानला. मग तिच्याच सांगण्यावरून त्याने लाडवांच्या डब्याला घंटी बसवली. झाकण उचललं की वाजायची. पहिला चोर कोण सापडला हे सांगण्याची गरज नाही. पण मीही विणकर आहे. दुसऱ्या दिवशी झाकणाखालचं बटण मी सुताच्या कांडीच्या काडीने दाबून धरलं आणि आरामात दोन लाडू काढले. पोरगा जिन्यावरून पाहत होता. त्याने ओरडायचं की नाही? नाही. खाली आला, काडी हातात घेऊन पाहिली आणि म्हणाला, "वा काकाजी! हे माझ्या ध्यानातच नव्हतं आलं!" आणि डब्याला दुसरं बटण लावलं.

एकदा कोणाच्या तरी मामाने विलायतेहून आणलेलं घड्याळ तो आठ दिवसांसाठी मागून घेऊन आला. त्याला काटे नव्हते. नुसती काळी काच. बाजूचं बटण दाबलं की काचेत लाल आकडे पेटायचे.

"बटण दाबल्याबिगर वेळ नाही दिसत?" मी विचारलं.

"नाही."

"म्हणजे घड्याळ एका हातात अन् दाबाले दुसरा हात. माझे दोन्ही हात धोट्यावर असतात. मी काय नाकानं दाबू?"

"पण आकडे पाहा न काकाजी! कसे पेटून राहिले!"

असं होतं ते पोरगं. वस्तू कामाची आहे की नाही हा विचार त्याच्या मनात फार उशिरा यायचा. कधी कधी यायचाच नाही.

मग एका रविवारी तो एक लांबट खोकं घेऊन खाली मागाच्या खोलीत आला. चेहरा असा की खोक्यात देव आहे.

"काकाजी, कम्प्युटर ऐकला आहे काय?"

"नाही. अन् ऐकायचाही नाही."

"एका खोलीएवढं मशीन असते. हिशेब करते, छापते, जे सांगू ते करते. पण त्याले आपली भाषा नाही समजत. त्याले सांगायचं असलं तर असं सांगा लागते." आणि त्याने खोक्यातून पत्ते काढून माझ्यासमोर धरले.

पुठ्ठ्याचे पत्ते. त्यांना भोकं पाडलेली.

मी हसत सुटलो. "बे लेका, हे तर माझ्या मागाचे पत्ते आहेत! कोठून उचलले?"

त्याला समजेना. मी त्याची मान धरून वर केली. माझ्या मागाच्या डोक्यावर जॅकार्ड, म्हणजे नक्षीचं यंत्र, बसवलेलं होतं आणि त्यावरून पत्त्यांची माळ खाली लोंबत होती. किनारीची नक्षी अशीच विणतात. पत्त्याला जिथे भोक असेल तिथला ताण्याचा उभा धागा वर उचलला जातो, जिथे भोक नसेल तिथला खालीच राहतो. एकदा आडव्या धाग्याचा धोटा फेकला की एक पत्ता सरकतो आणि दुसरा येतो. माझ्या वडिलांनी बसवलेली कळी-पानाची किनार चौसष्ट पत्त्यांची होती. चौसष्ट धोटे फेकले की एक कळी आणि दोन पानं पुरी व्हायची. मग माळ फिरून पुन्हा पहिला पत्ता.

तो बराच वेळ तोंड उघडं टाकून वर पाहत राहिला.

"हे तुमच्याकडं कधीपासून आहे?"

"माझ्या बापापासून."

"अन् आमचे सर सांगून राहिले का हे नवीन आहे!"

पुढचे चार दिवस तो मागाखाली झोपून होता. मी धोटा फेकायचो आणि तो खालून ओरडायचा, "थांबा थांबा, पुन्हा एकदा!" पाचव्या दिवशी त्याने ठरवलं की शेवटच्या वर्षाचं काम हेच करायचं. माझी किनार तो कम्प्युटरला सांगणार आणि कम्प्युटर ती कागदावर छापून दाखवणार. कॉलेजातल्या सरांनाही ते पसंत पडलं. काम करून दाखवलं तर पास. नाही दाखवलं तर बाप मौद्याहून येणारच होता.

मशीन कॉलेजात नव्हतं. सिव्हिल लाइन्सकडच्या एका मोठ्या ऑफिसात होतं. विद्यार्थ्यांना तिथे मोजकी पाळी मिळायची. पत्त्यांना भोकं पाडायचं टाइपरायटरसारखं मशीनही तिथेच. त्यावर हा एका बोटाने अक्षर शोधायचा आणि दुसऱ्या बोटाने दाबायचा. तीन आठवडे हे चाललं. एकूण पत्ते झाले दोनशे तेहतीस. त्यातले चौसष्ट माझ्या किनारीचे, एका ओळीला एक, अगदी मागावर असतात तसे. बाकीचे कम्प्युटरला काय करायचं ते समजवणारे. शनिवारी दुपारी दोन वाजता त्याची पाळी होती. सर स्वतः येणार, पाहणार आणि वहीवर सही करणार. परीक्षेआधी दुसरी पाळी मिळणार नव्हती.

"अन् ही गेली तर?" माझ्या बायकोने विचारलं.

"तर वळकटी, काकू," तो म्हणाला आणि हसला. पण ते हसू काही खरं नव्हतं.

त्याच आठवड्यातल्या गुरुवारी तो खोकं घेऊन जिना उतरत होता. डोळे पत्त्यांत, पाय हवेत. सगळे दोनशे तेहतीस पत्ते अंगणात. काही बायकोने वाळत टाकलेल्या कुरड्यांवर, काही तुळशीच्या मातीत. संध्याकाळपर्यंत तो उकिडवा बसून एकेक पत्ता लावत होता. पत्ता एक इकडचा तिकडे झाला तर सगळं काम बिघडतं म्हणाला. मला हे काय नवीन होतं? मागावरही तसंच आहे.

"ओवून टाक," मी म्हणालो. "सुटे पत्ते कोणी ठेवते काय?"

"हो काकाजी, ओवू न," तो म्हणाला. मान पत्त्यांतून वर न काढता.

शुक्रवारी तो कॉलेजात गेला. जाताना खोकं माझ्या मागाच्या पाटावर ठेवून गेला आणि म्हणाला, "तुमच्याजवळ राहू द्या. माझ्या हाताचा भरोसा नाही." आता तुम्हीच सांगा. विणकराजवळ पत्ते ठेवून गेला. याचा अर्थ दुसरा काय होतो?

मी दुपारी मेण लावलेली सुतळी काढली. दाभण घेतलं. प्रत्येक पत्त्याला डाव्या कडेला दोन आणि उजव्या कडेला दोन भोकं पाडली आणि पत्त्याला पत्ता जोडत गेलो. पुठ्ठा आमच्यापेक्षा पातळ होता, म्हणून हात हलका ठेवला. दोन पत्त्यांत अंतर एकसारखं, टाका एकसारखा.

बायको दारात येऊन उभी राहिली. "त्याले विचारलं काय?"

"त्याले काहून विचारू वं? माझ्याजवळ ठेवून गेला तो."

"ठेवून गेला, शिवाले नाही दिले."

"तू आपली भाजी पाय."

चार वाजता काम पुरं झालं. शेवटी माळेची दोन टोकं जोडली आणि ती खुंटीला टांगली. चांगली लांबलचक माळ, खाली जमिनीवर तिची वेटोळी पडलेली. मी स्वतःशीच म्हणालो, आता खुशाल जिन्यावरून पड लेका.

पाच वाजता पोरगा आला. सायकल भिंतीला लावली. खुंटीकडे पाहिलं. मग खाली वेटोळ्यांकडे. मग रिकाम्या खोक्याकडे.

मी वाट पाहत होतो.

"काकाजी," तो फार हळू आवाजात म्हणाला, "पहिला पत्ता शेवटच्याले जोडला?"

"मग? किनार संपल्यावर पुन्हा सुरू नको व्हाले?"

तो पायरीवर बसला. ओरडला असता तर बरं झालं असतं, मला परत ओरडता आलं असतं. तो मात्र शाळेतल्या मास्तरासारखा समजावून सांगू लागला. ते मशीन माळ घेत नाही. पत्ते एकेक करून आत ओढतं. आणि आत जे भोक दिसेल ते त्याला अक्षर वाटतं. मी दाभणाने पाडलेली भोकंही त्याला अक्षरंच वाटणार. दर पत्त्यावर चार जास्तीची अक्षरं.

"मग तुझं मशीनच कच्चं आहे," मी म्हणालो. "दाभणाचं भोक कोणतं अन् कामाचं भोक कोणतं एवढं नाही समजत त्याले?"

"नाही समजत," तो म्हणाला आणि माळ उचलून माडीवर गेला.

माडीवर त्याने एक रेडिओ जुळवून ठेवला होता, तो त्या संध्याकाळी वाजला नाही. माझ्या ताटातल्या भाजीत मीठ नव्हतं, आणि ते विसरून राहिलेलं नव्हतं.

शनिवारी सकाळी तो निघाला तेव्हा मी टोपी घालून सायकलीपाशी उभा होतो. पत्ते मी माझ्याच कळी-पानाच्या किनारीच्या लुगड्याच्या एका तुकड्यात बांधून घेतले होते. सुतळ्या त्याने रात्रीच कापल्या होत्या.

"तुम्ही काहून येऊन राहिले?"

"सिव्हिल लाइन्सले काम आहे माझं."

"कोणतं?"

"तिथं गेल्यावर ठरवीन. चाल."

ऑफिसात पत्ते पाडायच्या खोलीत चार बाया चार मशीनींवर बसल्या होत्या. बोटं अशी चालत होती की आमच्या मोहल्ल्यातल्या कांड्या भरणाऱ्या बायाही मागे पडाव्यात. त्यांच्यातली मोठी बाई चष्म्यावरून पोराकडे पाहत म्हणाली, "तुझी पाळी दोनला आहे ना? आता काय?"

मी दारातल्या बाकावर बसलो होतो. पोराने गाठोडं सोडलं. बाईने एक पत्ता उचलला, उजेडात धरला, मग दुसरा, मग तिसरा.

"हे काय केलंस?"

"सगळे नवीन पाडा लागतात, ताई. दोनच्या आत. मी एकटा पाडत बसलो तर सोमवार येते. तुम्ही मदत केली तरच होईल."

"पण ही भोकं कसली?"

आता हा काय सांगतो म्हणून मी कान टवकारले.

"मी पत्ते शिवले होते," पोरगा म्हणाला. "सुटे राहू नयेत म्हणून."

खोलीतल्या चारही मशीनी थांबल्या.

"तू? इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाचा विद्यार्थी? कार्डं शिवतोस?"

"हो."

"गोल?" दुसरीने विचारलं. तिला शेवटच्या पत्त्यालाही पुढे जोडायची भोकं दिसली होती.

"हो, गोल."

मग त्या ज्या हसल्या! एकीने डोक्याला हात लावला, एक टेबलावर आडवी पडली. पोराचे कान लाल झाले, पण त्याने माझ्याकडे वळून पाहिलं नाही. मी बाकावर बसून ऐकत होतो. खरं सांगतो, आधी मला बरं वाटलं. सुटलो म्हणायचं. मग त्या मोठ्या बाईने पत्ता पुन्हा उजेडात धरला आणि म्हणाली, "काही म्हण, टाके मात्र एका मापाचे घातलेस हां. हात छान आहे तुझा."

हे मात्र मला सहन झालं नाही.

मी उठून आत गेलो. "बाई, तो हात त्याचा नाही. त्याले सुईत दोरा ओवता येत नाही. हे मी शिवलं."

"काकाजी, तुम्ही बसा न तिकडं..."

"तू गप रे. जन्मभर माग चालवून राहिलो मी. दोनशे तेहतीस पत्ते, एक टाका वाकडा असला तर दाखवा. अन् गोल शिवलं, तर मागावर गोलच शिवतात. पत्ते सुटे ठेवायची तुमचीच रीत उलटी आहे."

मोठी बाई माझ्याकडे पाहत राहिली. तिला वाटलं असेल की म्हातारा माफी मागेल. मी उभाच राहिलो.

"कोणी सांगितलं होतं शिवायला?" तिने विचारलं.

"कोणी नाही."

"विचारलं होतं त्याला?"

"नाही."

"आणि हा पोरगा तुमच्यासाठी खोटं बोलला."

"ते त्याचं चुकलं. माझ्या कामाले आपलं नाव लावू नये माणसानं."

ती बाई पुन्हा हसली, पण या वेळी वेगळं. चष्मा काढून डोळे पुसले आणि बाकीच्यांना म्हणाली, "चला गं, आजची सुट्टी गेली. डबे नंतर खाऊ." आणि माझ्याकडे बोट केलं. "तुम्ही त्या खुर्चीवर बसा. कार्डांना हात लावायचा नाही."

एक वाजता त्यांची जेवणाची सुट्टी झाली. चौघींनी पत्ते वाटून घेतले. मशीनींचा असा कडकडाट सुरू झाला की मला माझा मोहल्ला आठवला. मला नुसतं बसून राहणं कधी जमलं नाही. त्यातल्या एकीच्या पदराची टोकं सुटून लोंबत होती. म्हटलं, दे इकडं. ती डाव्या हाताने पदर माझ्याकडे सोडून उजव्या हाताने पत्ते पाडत होती, आणि मी पदराला गोंडे बांधत होतो. मग दुसरीनेही खुर्ची जवळ सरकवली. दोन पदर झाले तोवर पत्तेही झाले.

दोन वाजता सर आले. उंच, शिडशिडीत, खिशाला तीन पेनं. मशीन काचेच्या पलीकडे, थंडगार खोलीत. पोराने नवे पत्ते आत नेऊन दिले. पलीकडे ते सर्र सर्र करत एकेक आत गेले आणि मग एका पेटीएवढ्या यंत्रातून कागद बाहेर येऊ लागला. बारीक बारीक चांदण्यांनी छापलेला. आधी देठ. मग पान. मग कळी.

माझ्या वडिलांची किनार होती ती. लुगड्याबाहेर मी तिला पहिल्यांदाच पाहत होतो.

सरांनी कागद टेबलावर पसरला. "वा," ते म्हणाले. "फार छान. उत्तम." खिशातलं एक पेन निघालं, वही उघडली.

पोरगा सरांच्या पेनाकडे टक लावून उभा होता.

आणि मला दिसलं. डाव्या पानाची कड एका ओळीत एक घर सरकली होती. एकच चांदणी. कोणाला दिसली नसती. सरांना दिसली नव्हती. पोरालाही नाही. सही व्हायला एवढंसं अंतर होतं. गप्प राहिलो असतो तर पोरगा पास, मी पास, सगळे घरी.

मी स्वतःला सांगितलं, गप बस. अगदी मनापासून सांगितलं.

"पान सरकलं," मी म्हणालो.

पोराने मागून माझा सदरा ओढला.

"काय?" सर म्हणाले.

"हे पान. एक घर सरकलं. सतराव्या ओळीत."

सरांनी हसून पाहिलं. "आजोबा, मशीन चूक करत नाही."

"मशीनले कुठं नाव ठेवून राहिलो मी? पत्ता चुकला. सतरावा." आणि मी ज्या तुकड्यात पत्ते बांधून आणले होते तो किनारीचा तुकडा कागदाशेजारी ठेवला. सरांनी ओळी मोजल्या. एकदा कागदावर, एकदा लुगड्यावर. पेन वहीवरच थांबलं.

"काकाजी!" पोरगा कानाशी कुजबुजला. "तुम्ही माझा बापच घेऊन आले असते तर बरं झालं असतं!"

"चुकीच्या किनारीवर सही घेतो काय?"

"हो! घेतो! कागद आहे तो!"

सरांनी किनारीचा सतरावा पत्ता मागवला. मोठ्या बाईने तो उजेडात धरला आणि तिचा चेहरा पडला. "एक जागा सोडून पाडलंय. घाईत झालं. हे माझ्याच हातचं."

पाळी संपायला दहा मिनिटं उरली होती. ती बाई चष्मा सावरत खोलीत पळाली. एका पत्त्याचा कडकडाट ऐकू आला आणि ती परत आली, पत्ता ओल्या कागदासारखा दोन बोटांत धरून. पुन्हा दोनशे तेहतीस पत्ते आत. पुन्हा सर्र सर्र. पोरगा काचेला नाक लावून उभा होता आणि काच त्याच्या श्वासाने धुरकटत होती. कागद बाहेर आला तेव्हा सरांनी तो आधी माझ्यापुढे सरकवला.

मी वरून खाली पाहिला. मग कागद उलटा करून पाहिला. उलट्या बाजूला काहीच नव्हतं, पण सवय आहे.

"बरोबर आहे," मी म्हणालो.

सरांनी सही केली. वही मिटत ते पोराला म्हणाले, "काम चांगलं आहे. एकच सांगतो. तोंडी परीक्षेच्या दिवशी काकाजींना घरी ठेव."

पुढे तो पास झाला. त्याचा बाप मौद्याहून आला तो वळकटी न्यायला नाही, तर आणखी एक तांदळाचं पोतं घेऊन. पण त्या शनिवारी हे कुठे माहीत होतं? तेव्हा फक्त सही झाली होती आणि पोरगा माझ्याशी बोलत नव्हता. छापलेला कागद काखेत धरून, सायकल हातात घेऊन तो पुढे चालत होता आणि मी मागे. ऑफिसचं फाटक आलं.

"चूक झाली असं तरी म्हणा एकदा," तो शेवटी म्हणाला. "एकदाच. मी कोणाले सांगणार नाही."

मला त्याच्या काखेतला कागद दिसत होता. तो एक कागद नव्हता. घड्या घालून एकाला एक जोडलेले पुष्कळ कागद होते, सुटे नव्हतेच. आणि दोन्ही कडांना वरपासून खालपर्यंत, एका मापाच्या अंतरावर, गोल गोल भोकं.

"थांब," मी म्हणालो. "ही भोकं कोणी पाडली?"

"कोणी नाही पाडली. कागद असाच येते. त्या भोकात दाते अडकवून मशीन कागद ओढते."

"अन् कागद सुटे काहून नाहीत?"

"सुटे असले तर मागेपुढे..."

तो थांबला. माझ्याकडे पाहिलं. कागदाच्या कडेकडे पाहिलं. मग सायकलीवर टांग टाकली आणि मागच्या कॅरिअरवर हाताने थाप मारली.

"बसा, काकाजी," तो म्हणाला. "बसा अन् काही बोलू नका."

मी बसलो. पूर्ण रस्ता एक शब्द बोललो नाही. बोलायची गरजच नव्हती.